नावाचा अर्थ छापा, पण भाषेसकट

महोदय,

मुलग्यांच्या वेगळ्या, दुर्मीळ नावांच्या चौकटी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून छापून येतात. डावीकडे नाव आणि उजवीकडे अर्थ: तेजस्वी, शांत, राजा, देवाची देणगी. नाव कोणत्या भाषेतले, त्या भाषेत ते कसे लिहितात, त्याचे घटक कोणते, ती भाषा बोलणारे ते कसे उच्चारतात, यातले काहीच नसते. भाषा सांगितली नाही तर अर्थ तपासायला वाटच उरत नाही, आणि अशा याद्या तपासायला बसले की अर्थांची पडझड सुरू होते.

सुरुवात संस्कृतापासूनच करू. 'आरव म्हणजे शांत' असे जवळपास प्रत्येक यादी सांगते. संस्कृतात 'रु' हा आवाज करण्याचा धातू आहे. रव, कलरव, आरव हे सगळे त्यातून आले. वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश उघडा किंवा मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा, दोन्हींत आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. तान्ह्या मुलाला हे नाव शोभते यात वाद नाही. छापलेला अर्थ मात्र बरोबर उलटा आहे. 'रेयांश'चे दुखणे वेगळे. 'अंश' हा शब्द पक्का आणि संधीही नियमाने झालेली, पण 'रेय' नावाचा किरण संस्कृतात नाही. रश्मी आहे, मयूख आहे, मरीची आहे, खुद्द अंशूही आहे. या 'रेय'मागे इंग्रजी 'रे' उभा असावा असे वाटते. तेव्हा पहिली कसोटी अशी: नाव जिथे जोडले आहे तिथे सोडवा, निघालेले दोन्ही घटक एकाच भाषेच्या कोशात सापडतात का ते पाहा, आणि मग त्यांची जोडणी त्या भाषेच्या नियमात बसते का ते पाहा. एक घटक सापडला आणि दुसरा नाही, तर ते नाव आधुनिक आणि घडवलेले आहे. तसे असायला हरकत काहीच नाही. फक्त त्याच्यापुढे 'प्राचीन संस्कृत नाव' असे छापू नये.

दुसरी भानगड दिसायला सारख्या पण मुळात वेगळ्या नावांची. 'कियान' हे फारसी नाव आहे आणि आयरिशही, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फारसीत 'कै' म्हणजे राजा. कै कुबाद, कै काऊस, कै खुसरो हे इराणी दंतकथांतले राजे, आणि कियान हे त्या 'कै'चे अनेकवचन. आयरिश नावाचा उच्चार 'कीअन'च्या जवळ जातो, अर्थ प्राचीन किंवा चिरकाल टिकणारा, आणि आयरिश पुराणकथांत तो लू या देवाचा बाप. याद्यांत मात्र तिसराच अर्थ सापडतो: 'देवाची कृपा'. तो बहुधा 'इयान'वरून घसरत आला असावा. इयान हे जॉनचे स्कॉटिश रूप, आणि जॉनच्या मुळाशी हिब्रू 'योहानान', म्हणजे यहोवाने (ज्यूंच्या देवाने) कृपा केली. रशियन इव्हान, आयरिश शॉन, स्पॅनिश हुआन, इटालियन जोव्हानी, जर्मन हान्स आणि वेल्श इव्हान ही सगळी त्याच घरातली. कियान त्या घरातला नाही.

'अयान'चे तसेच. अरबीत त्याचा अर्थ डोळ्यांना उघड दिसणारे. सोमाली भाषेत अयान म्हणजे नशीब, आणि तिथे ते मुलीचे नाव आहे. संस्कृत 'अयन' म्हणजे गती किंवा मार्ग, पण तो शब्द दीर्घ 'या'चा नव्हे. 'देवाची भेट' यांपैकी कुठेच नाही. 'अमित' संस्कृतात अमर्याद, हिब्रूत सहकारी किंवा मित्र. दोन्ही नावे खरी, आपापल्या जागी बरोबर. 'काइ' हवाईच्या भाषेत समुद्र, आणि तिच्याच बहिणीत, माओरीत, अन्न किंवा खाणे. मराठी घरात मात्र हे नाव ठेवले की प्रत्येक हाकेला प्रश्नचिन्ह लागणार. हवाईच्याच 'कीआनू'पुढे 'डोंगरावरून वाहणारी गार झुळूक' असे लांबलचक वर्णन असते. नावात 'के' हे एक उपपद आहे, इंग्रजी 'द'सारखे, आणि 'आनू' म्हणजे गारवा. डोंगर आणि झुळूक यादी करणाऱ्याच्या पदरच्या.

हा घोळ होतो याचे कारण साधे आहे. बहुतेक मराठी याद्या रोमन अक्षरांतल्या याद्यांवरून उतरतात. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ जातो, त-ट जातो, अरबीतले कंठातले वर्ण तर पूर्णच जातात, आणि मग देवनागरीत येताना अंदाजाने काहीतरी परत घातले जाते. अरबी नावांना याचा सर्वांत मोठा फटका बसतो. 'अलीम' हे ऐन अक्षराने सुरू झाले तर सर्वज्ञ, ज्ञानी. तेच अलिफने लिहिले तर वेदना देणारे. देवनागरीत दोन्ही हुबेहूब एकच. अलिफने सुरू होणारा 'अमीर' म्हणजे सरदार. ऐनने सुरू होणारा 'आमिर' म्हणजे भरभराटीचा, नांदता. इथे निदान मात्रा वेगळ्या आहेत, पण रोमनमधून आणताना त्यांचीही अदलाबदल होते. 'हारिस' शेवटी 'से' अक्षर असेल तर नांगरणारा, 'सीन' असेल तर पहारेकरी. म्हणून अरबी-फारसी नाव निवडताना ते मूळ लिपीत लिहून घ्यावे आणि त्या स्पेलिंगने कोशात शोधावे. आणखी एक चूक नेहमीची: 'अब्दुल' हे सुटे नाव म्हणून छापणे. 'अब्द' म्हणजे सेवक, 'उल' हे पुढच्या शब्दाचे उपपद. नुसते अब्दुल म्हणजे 'अमक्याचा सेवक' यातला अमका गायब. अब्दुल रहमान, अब्दुल करीम असे पूर्णच लिहायला हवे.

उच्चाराचा घोटाळा आयरिश नावांत सर्वाधिक होतो, कारण आयरिश स्पेलिंगचे नियम इंग्रजीचे नाहीत. 'ताधग' असे छापलेले नाव प्रत्यक्षात 'टाइग' आहे, अर्थ कवी. 'ओइसिन' हे 'अशीन' किंवा 'ओशीन'. ओस म्हणजे हरीण आणि पुढचा प्रत्यय लहानपणाचा, म्हणजे पाडस. तोच लहानपणा दाखवणारा आणखी एक प्रत्यय 'रोनान'मध्ये आहे: सील या समुद्री प्राण्याचे पिल्लू. वेल्श 'डिलन'चा वेल्श उच्चार 'डलन'कडे झुकतो, आणि त्यातला मुख्य घटक भरतीच्या लाटेचा. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या भाषेतला, 'लीफ' हा 'लेइफ' आहे, म्हणजे वारस; इंग्रजी पानाशी त्याचे काही नाते नाही.

आता 'देवाची देणगी' या अर्थाकडे, कारण याद्यांत सर्वांत जास्त उधळला जाणारा अर्थ तोच. पण तो जिथे खराच आहे तिथे तपशील इतका सुंदर आहे की दोन शब्दांत उरकणे हा अन्याय. लॅटिन 'देओदातुस' हे आपल्या देवदत्ताचे धातूला धातू जुळणारे भावंड. देउस आणि देव यांचे मूळ एक, दातुस आणि दत्त यांचेही एक. स्लाव्ह लोकांचा 'बोगदान': बोग म्हणजे देव, आणि हा बोग संस्कृत 'भग'चा नातलग. दान म्हणजे दिलेला. अशा रीतीने बोगदान थेट महाभारतातल्या प्राग्ज्योतिषाच्या भगदत्त राजाशी जाऊन भिडतो. फारसी 'मेहरदाद'मधला मेहर म्हणजे मित्र हा देव. म्हणून ते मित्रदत्त. ग्रीक 'थिओडोर'चाही अर्थ देवाची देणगी, आणि इथिओपियातला 'तेवोद्रोस' त्याचेच रूप. पण ग्रीक 'थिओस' आणि 'देव' हे कानाला जुळे वाटले तरी व्युत्पत्तीने परके आहेत. ग्रीकमध्ये देवाचा खरा नातलग झ्यूस. हिब्रूत क्रियापद 'नातान', त्याने दिले: नथॅनिएलमध्ये ते 'एल' या देवनामाआधी येते, जोनाथनमध्ये यहोवाच्या नावानंतर. मॅथ्यू त्याच धातूपासून. अरबीत अताउल्लाह, फारसीत खुदादाद, फ्रेंचमध्ये द्यूदोने. एकच अर्थ, पण देवाचे नाव आणि 'देणे'चे रूप भाषेभाषेत वेगळे. यादीत कोणता देव आणि कोणती भाषा एवढे दोन शब्द वाढवले तरी वाचकाला निवडता येते.

प्राचीन इराणी नावांचा तर मराठी वाचकाला विशेष फायदा, कारण थोडे संस्कृत येत असेल तर ती आपोआप उलगडतात. संस्कृत 'स'च्या जागी तिथे बऱ्याचदा 'ह' येतो, ही एक किल्ली पुरते. दारयुश, ज्याला ग्रीकांनी डरायस केले, ते मूळ 'दारयवहु': धारय आणि वसु, चांगले ते धरून ठेवणारा. 'खुसरो' हे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातले 'हओस्रवह', म्हणजे आपला सुश्रवा, ज्याची कीर्ती चांगली तो. 'बहराम'च्या मागे 'वेरेथ्रघ्न' आहे, आणि वेदांत इंद्राला लावलेले 'वृत्रहन्' हे विशेषण त्याचेच भावंड. 'अर्देशीर'मध्ये ऋत (सत्य) आणि क्षत्र (सत्ता) आहेत, ज्याचे राज्य ऋतावर उभे आहे असा तो. त्याचा अर्थ 'सिंह' असा कुठे दिसला तर तो आजच्या फारसीत 'शीर' म्हणजे सिंह या योगायोगामुळे. युरोपकडेही असे धागे जातात. वेल्श 'एमरिस' हे लॅटिन अँब्रोसिअसचे रूप, ते ग्रीकमधून आलेले, आणि त्या ग्रीक शब्दाच्या आत आपले 'अमृत' बसले आहे: न मरणारा. 'लिअँडर' हा सिंह आणि नर यांचा समास. मराठीत सांगायचे तर नरसिंह.

दोन घटकांच्या नावांबद्दल एक इशारा. जुन्या जर्मानिक नावांत घटकांचा मिळून वाक्यार्थ निघालाच पाहिजे असे नव्हते. इंग्लंडमधल्या वुस्टरचे अकराव्या शतकातले बिशप वुल्फस्टन यांचे नाव आईच्या 'वुल्फगिफू'चा पहिला भाग आणि वडिलांच्या 'अॅथेलस्टन'चा दुसरा भाग जोडून केले होते. लांडगा अधिक दगड! यातून 'लांडग्यासारखा कणखर' असा अर्थ ओढून काढणे व्यर्थ आहे. आईवडिलांची नावे कापून जोडणारे आजचे पालक समजतात तितके नवे काही करत नाहीत. 'व्लादिमीर'ची गोष्ट याहून बारीक. 'जगाचा राजा' किंवा 'शांततेचा राजा' असे त्याचे अर्थ दिले जातात. जुन्या रूपात दुसरा घटक 'मेर' होता, थोर किंवा प्रख्यात या अर्थाचा. जग आणि शांतता अशा दोन्ही अर्थांचा 'मिर' हा ओळखीचा शब्द त्याच्या जागी नंतर बसला. लोकांनी शतकानुशतके तो अर्थ मानला, त्यामुळे तोही नोंदवावा, पण मूळ म्हणून नव्हे.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ती गुण न सांगणारी नावे. जगातल्या कितीतरी नावांत तेज, शौर्य, कृपा यांपैकी काहीच नसते. मूल कधी जन्मले, कितवे जन्मले, कोणत्या परिस्थितीत जन्मले, एवढेच ती सांगतात. घानामधल्या अकान लोकांत मुलाला वाराचे नाव मिळते: रविवारी क्वासी, सोमवारी कोजो किंवा क्वाद्वो, मंगळवारी क्वाबेना, बुधवारी क्वाकू, गुरुवारी याव, शुक्रवारी कोफी, शनिवारी क्वामे. कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ चा, आणि तो शुक्रवार होता. त्यांच्या नावातला 'अट्टा' म्हणजे जुळ्यांतला. ब्रह्मदेशात वार नावाच्या पहिल्या अक्षरात असतो, आणि तिथली वर्णमाला आपल्याच घराण्यातली असल्याने मराठी वाचकाला ती पद्धत चटकन कळते: सोमवारी कवर्ग, मंगळवारी चवर्ग, गुरुवारी पवर्ग, शनिवारी तवर्ग, रविवारी स्वर, बुधवारी य-र-ल-व, तेही दुपारच्या आधी आणि नंतर असे विभागून. शुक्रवारच्या वाट्याला 'ह' आणि आपल्या 'स'च्या जागचे, तिथे 'थ'सारखे उच्चारले जाणारे अक्षर. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव यू थांट २२ जानेवारी १९०९ रोजी, म्हणजे शुक्रवारीच जन्मले. त्यांचे नाव फक्त 'थांट'. 'यू' हा आपल्या 'श्री'सारखा मान. संयुक्त राष्ट्रांच्या दोन महासचिवांच्या नावात शुक्रवार आहे, हे कोणत्याही यादीत सापडणार नाही.

बालीमध्ये पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. 'मादे'त संस्कृत 'मध्य' ओळखू येतो. मुलगा असेल तर आधी 'ई' आणि मुलगी असेल तर 'नी', म्हणून नुसते वायान हे मुलग्याचेच नाव म्हणून छापणे चूक. जपानी इचिरो पहिला मुलगा, जिरो दुसरा, साबुरो तिसरा. नायजेरियाच्या योरुबांत जुळ्यांपैकी आधी बाहेर आलेला तैवो, मागून आलेला केहिंदे. आणि मोठा मानला जातो केहिंदे, कारण त्यानेच तैवोला जग कसे आहे ते पाहायला पुढे पाठवले अशी समजूत. 'बाबातुंदे' म्हणजे बाप परत आला. आजोबा वारल्यानंतर जन्मलेल्या मुलाचे ते नाव. नायजेरियातल्याच इग्बो लोकांचा आठवडा चार दिवसांचा, बाजाराच्या वारांचा, आणि ओकोंक्वो हा त्यातल्या 'न्क्वो' वाराचा मुलगा.

मूल जगावे म्हणून ठेवलेल्या नावांची जात निराळीच. मंगोलियातले 'नेरगुइ' म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे, 'खुनबिश' म्हणजे माणूस नव्हे. दुष्ट शक्तींनी फसून पुढे निघून जावे हा हेतू. मराठीतले दगडू, धोंडू, केरबा याच रांगेतले. तुर्कीत 'दुरसुन' म्हणजे राहो, 'दुरमुश' म्हणजे राहिला, 'याशार' म्हणजे जगतो. सर्बियन भाषेला लिखित शिस्त लावणारे वुक काराजिच (१७८७–१८६४) यांच्या आधीची भावंडे दगावली होती. चेटकिणी लांडग्याला खात नाहीत म्हणून त्यांचे नाव वुक, म्हणजे लांडगा, ठेवले. 'वुक: शूर, चपळ' असे छापले की नावातली सगळी धास्ती पुसली जाते.

अशी नावे उसनी घ्यायला कोणाची बंदी नाही. पण मंगळवारी जन्मलेल्याला कोफी किंवा थोरल्याला केतुत म्हटले, तर ते नाव जाणणाऱ्या माणसासमोर मुलाला आयुष्यभर खुलासा करत बसावे लागेल. जन्माचा वार आणि क्रम आधी पाहावा, मग नाव.

जपानी नावांना तर ध्वनीवरून अर्थ देताच येत नाही. 'रेन' कमळाच्या चिन्हाने लिहिले तर कमळ, दुसऱ्या चिन्हाने लिहिले तर सचोटी. चिन्ह कोणते ते सांगितल्याशिवाय अर्थ छापणे म्हणजे नुसता तर्क. तिथे नावासाठी चिन्हेही ठरलेली आहेत: नेहमीच्या वापरातली २,१३६ आणि त्यावर खास नावांसाठी ८६३. शिवाय मे २०२५ पासून नावाचा उच्चारही कुटुंबनोंदीत लिहावा लागतो. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. नव्या नावाला आइसलँडिक षष्ठीचा प्रत्यय लागतो का, हे ती बघते. ही कसोटी मराठी पालकांनी आपणहून लावून पाहावी. निवडलेल्या नावाला ला, ने, चा लावून दहा वाक्ये मोठ्याने म्हणावीत. जीभ अडखळली, किंवा प्रत्यय लागताच भलताच शब्द तयार झाला, तर तो दोष बारशानंतर निघत नाही.

संपादकांना विनंती एवढीच की चौकट लहान झाली तरी चालेल, पन्नासाऐवजी दहाच नावे द्या, पण प्रत्येक नोंदीत भाषा, घटक, उच्चार आणि वापर या चार गोष्टी असू द्या. जिथे अर्थ वादाचा आहे तिथे तसे लिहा. उदाहरणार्थ: 'बोगदान. स्लाव्हिक भाषा. बोग (देव) अधिक दान (दिलेला). उच्चार लिहिल्याप्रमाणे, युक्रेनमध्ये 'बोहदान'. मुलग्यांचे नाव, सर्बिया, रोमानिया, युक्रेन, पोलंड इथे प्रचलित. संस्कृत भगदत्ताशी नाते.' आणि दुसरी: 'रेयांश. आधुनिक, घडवलेले. अंश संस्कृत, रेय कोशात नाही. अर्थ: पालक ठरवतील तो.'

आपला,
नावांच्या व्युत्पत्तीचा एक अभ्यासक